नऊ मायक्रॉन डावीकडे

कराडच्या यंत्र-चाचणीशाळेत त्या सकाळी तीन यंत्रं ओळीने मांडून ठेवली होती आणि वत्सला खरमाटे त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या होत्या. बाजारात लोक अशा यंत्रांना सीएनसी राउटर म्हणत. चाचणीशाळेच्या कागदांवर 'मेज-कोरणयंत्र' असं लिहिलेलं असे. संगणकाने आखून दिलेल्या रेषेवरून फिरतं पातं नेत धातू कोरत जाणारं आणि घरातल्या टेबलावर मावणारं यंत्र.

साल २०४७. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर एक रेडिओ-दुर्बीण उभारायची होती. डोंगरवाडीच्या दूरतरंग केंद्राने तिच्या खाचपट्ट्यांचं काम एका मोठ्या कारखान्याला न देता बारा घरगुती कारखान्यांना वाटून दिलं होतं, प्रत्येकी चौसष्ट पट्ट्या. अॅल्युमिनियमची हातभर लांब पट्टी, तिच्यात एका रांगेत, रेडिओतरंग आत घेणाऱ्या चोवीस खाचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. खाचांची रांग सहा मायक्रॉनपेक्षा जास्त वाकलेली चालणार नव्हती. बारांपैकी एका घराने माघार घेतली आणि ती जागा वत्सलाबाईंना मिळाली.

तेहतीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवला होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींनी जहाजं बांधली, विमानांची इंजिनं जुळवली. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी भाषणात म्हणालं, "मॅडमनी स्वतः काही बनवलं नाही, पण बनवणारे बनवले." टाळ्या पडल्या. बाईंना मात्र ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

"मॅडम, हे महाबली तर सोडूनच द्या," चाचणीशाळेचे प्रमुख सलीम अत्तार म्हणाले. "चारशे किलो. तुमची खोली पहिल्या मजल्यावर. खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर येईल."

"आणि ही पांढरी?"

"श्वेता. सगळे हीच नेतात. बंद पेटी, आवाज नाही, धूळ नाही. चूक फक्त बारा मायक्रॉन."

बाईंचे यजमान भास्करराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची पुस्तकांची खोली या यंत्रासाठी रिकामी व्हायची होती, म्हणून तेही सोबत आले होते. श्वेतावरून हात फिरवत ते म्हणाले, "हिला बघून निदान पुस्तकांना वाईट वाटणार नाही."

"आणि हे तिसरं?" बाईंनी विचारलं.

सलीमभाई जरा ओशाळले. "बी-सात. छोट्या कारखान्याचं आहे. नावसुद्धा ठेवलेलं नाही. ऐंशी मायक्रॉन चुकतं, मॅडम. नियमाप्रमाणे समोर मांडावं लागतं म्हणून ठेवलंय."

बी-सात राखाडी रंगाचं, बसकं, ओतीव लोखंडाचं होतं. बाईंनी त्याच्या आडव्या पट्टीला अंगठ्याने जोर लावून पाहिला. मग म्हणाल्या, "दोघांनाही एकाच बिंदूवर दहा वेळा पाठवा. दर वेळी लांबून. मधेमधे पातं फिरवून तापवा."

तासभर ती चाचणी चालली. श्वेता दहा वेळा गेली ती दहा वेगवेगळ्या जागी. कधी बिंदूच्या अलीकडे, कधी पलीकडे, सगळा पसारा पंचवीस मायक्रॉनांचा. बी-सात बिंदूपासून ऐंशी मायक्रॉन लांबच थांबलं, पण दहाही वेळा जवळजवळ तिथेच. दहा थांब्यांत फरक फक्त दोन मायक्रॉनांचा.

"हिची चौकट पातळ आहे," बाई श्वेताकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मोटर तापली की वाकते, आणि दर वेळी वेगळी वाकते. ही कुठे चुकेल ते हिलाच ठाऊक नाही. याची चौकट हलत नाही. याचा फक्त पात्याला पुढेमागे सरकवणारा आटेदांडा चुकीचा कापलाय."

"म्हणजे चूकच ना ती?" भास्करराव म्हणाले.

"चूकच. पण रोज तीच. तुमचं भिंतीवरचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे असतं, तरी आपली गाडी कधी चुकली?"

सलीमभाई हसले. "कळलं. चुकांचा नकाशा करायचा आणि तेवढं वजा करायचं."

"एकसारखी चूक ही चूक नसते, सलीम. माहिती असते. हे बी-सात बांधा."

खोलीत यंत्र बसलं. लांबीच्या चुका मोजायला बाईंनी चाचणीशाळेतून काचेची प्रमाणपट्टी आणली होती. रांगेचा सरळपणा मोजायला मात्र त्यांनी जुनीच युक्ती वापरली. एक पट्टी कोरली, खाचांची रांग यंत्रावरच मोजली, मग पट्टी पाटावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजली.

"असं उलटसुलट का?" भास्कररावांनी विचारलं.

"बाक पट्टीत असेल तर पट्टीबरोबर फिरेल. मघाशी डावीकडे दिसला तो आता उजवीकडे दिसेल. बाक यंत्रात असेल तर पट्टी कशीही ठेवा, तो आपली बाजू सोडणार नाही. दोन्ही मापं शेजारी ठेवली की कुणाचं किती ते वेगळं होतं. दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही."

तीन आठवडे त्या हेच करत होत्या. शेवटी चुकांचा नकाशा यंत्राच्या स्मरणात भरला आणि ऐंशी मायक्रॉन चुकणारं बी-सात तीन मायक्रॉनांच्या आत कोरू लागलं. बाईंनी नमुन्याची पट्टी डोंगरवाडीला धाडली.

आठवड्याने अहवाल आला. 'खाचांची रांग मध्यभागी नऊ मायक्रॉन डावीकडे. यंत्रात दुरुस्ती करून काम सुरू करावे.'

बाईंनी पट्टी पुन्हा मोजली, उलटून मोजली. पहाटे खोली थंड असताना मोजली, दुपारी तापल्यावर मोजली. बाक कुठेच नव्हता.

"बाकीच्या अकरा घरांनासुद्धा असाच अहवाल आला होता," भास्करराव फोन ठेवत म्हणाले. "त्यांनी आकडा भरला, पुढचा नमुना पास झाला. तूही भर. एवढं मोठं केंद्र, त्यांचं मोजयंत्र खोलीएवढं. ते चुकतील?"

"खोलीएवढं आहे म्हणून बरोबर, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"अगं, पण नापास झालीस तर यादीतून नाव कायमचं जाईल. मग ही खोली, हे यंत्र, कशासाठी केलं आपण?"

नऊ हा आकडा भरायला दहा सेकंदं पुरली असती. तेहतीस वर्षं बाईंनी वर्गात एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगितली होती, की परीक्षकाकडे बघून कानस चालवू नका, कामाकडे बघून चालवा. आता परीक्षा त्यांची होती.

"मी सरळच कोरणार," त्या म्हणाल्या. "आणि तसं पत्रात लिहून देणार."

चौसष्ट पट्ट्या रवाना झाल्या. बारा दिवसांनी उत्तर आलं. चौसष्टच्या चौसष्ट नापास.

डोंगरवाडीच्या मापनशाळेच्या प्रमुख डॉ. विभावरी रेगे यांनी वत्सलाबाईंना भेटीला वेळ दिला, तो केवळ पत्रामुळे. "उड्डाणाला सात आठवडे उरलेत, खरमाटेबाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "अकरा घरांच्या सातशे चार पट्ट्या पास झाल्यात. फक्त तुमच्या अडल्यात. आम्ही आकडा कळवला होता."

"माझ्या पट्ट्यांचे आकडे बघू?"

पडद्यावर यादी उमटली. नऊ, नऊ, आठ, नऊ, दहा, नऊ. सगळे डावीकडे.

"बघा, एकसारखं आहे," रेगे म्हणाल्या. "याचा अर्थ तुमचं यंत्र एकसारखं चुकतंय."

"किंवा तुमचं."

"आमच्या मोजयंत्राची दरवर्षी तपासणी होते."

"कशाची? लांबीची ना?"

"हो, लांबीची."

"लांबी बरोबर असूनही मोजायची सुई जिच्यावरून सरकते ती आडवी तुळई वाकलेली असू शकते. तुमचं यंत्रही एकसारखं, माझंही एकसारखं. कुणाचा बाक आहे ते भांडून ठरणार नाही. माझी एक पट्टी घ्या आणि अर्धा फेरा फिरवून मोजा. बाक माझा असेल तर आता उजवीकडे दिसेल. दिसला तर मी माफी मागून घरी जाते."

रेगे यांनी साहाय्यकाला बोलावलं नाही. हातमोजे चढवून स्वतःच पट्टी उचलली, फिरवली, नीट बसवली. मोजणीची बारीक सुई एकेका खाचेला टेकत चालली. चोवीस खाचा संपायला सहा मिनिटं लागली.

पडद्यावर आकडा आला. नऊ मायक्रॉन, डावीकडे.

रेगे यांनी दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी. नऊ, डावीकडे. नऊ, डावीकडे. मग त्या मोजयंत्राच्या मागे गेल्या आणि तुळईला हात लावून उभ्या राहिल्या. एक बाजू गार लागत होती. काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी भिंतीतून थंड हवेची नवी नळी नेली होती. ती रात्रंदिवस तुळईच्या एकाच अंगावर वारा सोडत होती. धातू त्या अंगाने आकसला होता आणि तुळई किंचित, अगदी किंचित, वाकली होती.

"तुमच्या पट्ट्या सरळ आहेत," रेगे हळू आवाजात म्हणाल्या. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या सातशे चार..."

"वाकड्या आहेत. नऊ मायक्रॉन उजवीकडे. तुमचा आकडा भरून त्यांनी तशा केल्या."

"सातशे चार पट्ट्यांचा धातू नव्याने यायलाच तीन महिने जातील, आणि ही वेळ हुकली तर पुढची संधी दोन वर्षांनी. अकरा घरांचं सगळं काम भंगारात जाणार." रेगे खुर्चीत बसल्या. "मी काय सांगू त्यांना?"

वत्सलाबाई जिंकल्या होत्या. घरून निघताना त्यांनी याच क्षणाचं चित्र मनात रंगवलं होतं, आणि त्या चित्रात त्यांना फार आनंद होत होता. प्रत्यक्षात त्यांच्या डोळ्यांपुढे अकरा खोल्या आल्या. प्रत्येकीत कुणाची तरी पुस्तकं, कुणाची तरी शिवणाची मशीन बाहेर काढून जागा केलेली. त्या लोकांची काय चूक होती? आणि चूक हा शब्द मनात आल्याबरोबर बाई ताठ बसल्या.

"डॉक्टर, त्या सगळ्या एकसारख्या वाकड्या आहेत ना?"

"हो. फार तर दोन-तीन मायक्रॉन इकडे तिकडे."

"सगळ्या पट्ट्यांना सारखाच बाक असेल तर दुर्बिणीला काय होईल?"

रेगे कागद ओढून भराभरा लिहू लागल्या. "सगळ्यांना सारखाच... तर तिची नजर एका बाजूला सरकेल. किती ते आधीच काढता येईल. इथे संगणकात तेवढं वजा केलं की झालं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण सगळ्या सारख्या असल्या तरच. सातशे चार वाकड्या आणि चौसष्ट सरळ असं मिसळलं तर चित्र फाटेल."

"म्हणजे या दुर्बिणीत माझ्याच पट्ट्या चुकीच्या आहेत."

रेगे यांनी पडद्यावर नापास पट्ट्यांची यादी पुन्हा उघडली.

"नापासच राहू द्या त्या," वत्सलाबाई उठत म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "माझ्या नकाशात नऊ मायक्रॉन उजवीकडे एवढंच भरायचंय. दोन आठवड्यांत चौसष्ट वाकड्या पट्ट्या आणून देते. आणि तोवर ती हवेची नळी हलवू नका! माझ्याही त्याच वाकड्या तुळईवर पास व्हायला हव्यात."

तेरा दिवस बी-सात सकाळी आठला सुरू होई आणि दिवेलागणीला थांबे. भास्करराव पट्ट्या पुसून कापडात गुंडाळत. "आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं काम करतेस," ते एकदा म्हणाले.

"वाकडं असलं तरी मापात आहे," बाईंनी मान वर न करता सांगितलं.

चौसष्ट पट्ट्या पास झाल्या. त्यानंतर रेगे यांनी अकराही घरांना स्वतःच्या सहीचं पत्र लिहिलं. केंद्राची चूक त्यात केंद्राचीच म्हणून लिहिली होती. दुर्बीण ठरलेल्या दिवशी उडाली.

पाच महिन्यांनी, पहिल्या संकेताच्या दिवशी, बाराही घरची माणसं डोंगरवाडीच्या मोठ्या दालनात जमली. पडद्यावर एक ओळखीचा रेडिओतारा दिसायचा होता, आणि सुरुवातीला तो दिसला तो भलत्याच जागी. दालनात कुजबुज झाली. रेगे यांनी कळ दाबली, नऊ मायक्रॉनांचा हिशेब वजा झाला, आणि ठिपका सरकत सरकत नेमका आकाशाच्या नकाशातल्या फुलीवर जाऊन बसला. इतका आरडाओरडा झाला, की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. इस्लामपूरच्या घरातल्या एका आजोबांनी वत्सलाबाईंसोबत आलेल्या सलीमभाईंना मिठीच मारली.

गलका ओसरल्यावर रेगे यांनी एक लाकडी पेटी आणून टेबलावर ठेवली. आत चौसष्ट सरळ पट्ट्या होत्या. "मोजयंत्राची नळी आम्ही हलवली," त्या म्हणाल्या. "आजपासून आमची मापनशाळा रोज सकाळी यातली एक पट्टी मोजून, मग फिरवून मोजून, काम सुरू करेल. पुढचं काम दोन हजार पट्ट्यांचं आहे. प्रत्येक घराने यातल्या दोन न्यायच्या. यापुढे आमच्या अहवालावर विश्वास ठेवायचा नाही. आधी आम्हाला तपासायचं."

माणसं पेटीभोवती गोळा झाली. इस्लामपूरच्या आजोबांनी दोन पट्ट्या उचलल्या, खाचांबरोबरच कोरलेल्या त्यांच्या कडा एकमेकींना लावल्या आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटला.

"काय दिसतंय?" भास्कररावांनी विचारलं.

आजोबांनी दुसरा डोळा मिटून पाहिलं, पट्टी उलटी करून पाहिलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "उजेडाचा एक धागासुद्धा येत नाही पलीकडून."