वाळुंजांचा थोरला

देवळाली प्रवरेहून मोरटेकवाडीला सायकलीवर यायला बाबाजान पोस्टमनला पाऊण तास लागे. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईमुळे टपाल रखडलं होतं, म्हणून त्या दिवशी त्याची पिशवी फुगलेली होती. सहादेव वाळुंज उसाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी ओसरीच्या कडेला टेकला होता. बाबाजाननं त्याच्यापुढं एक निळं, पातळ, घडी करून चिकटवलेलं पत्र धरलं. तिकिटावर विलायतेच्या राणीचं डोकं होतं.

"दुसऱ्या कुनाचं असंल," सहादेव म्हणाला.

"पत्ता तर बरोबर हाय. श्रीमती साळूबाई कारभारी वाळुंज. दुसरी साळूबाई हाय का गावात?"

नव्हती. साळूबाई म्हणजे सहादेवची आई. बाप, कारभारी, वारून तीन वर्षं झाली होती. घरात आई, सहादेव आणि त्याची बायको पुष्पावती, एवढीच माणसं. सहादेव सातवी फायनल झालेला. पाटाच्या पाण्याची कुणाची पाळी कधी, किती तास, हे गावात त्याच्याच वहीत लिहिलेलं असे, आणि त्याच्या आकड्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की तो उठून जाई.

त्यानं पत्र फोडलं आणि आईला वाचून दाखवलं.

'तीर्थरूप आईस बालके कानिफनाथचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडे सर्व खुशाल. बर्मिंगहॅम गावी लोखंडाच्या भट्टीवर कामास आहे. दोन मुले झाली, ती इकडचीच भाषा बोलतात. आपले घराणे कोणते, देव कोणता, त्यांना काही ठाऊक नाही. सगळे माझ्याबरोबर बुडेल अशी भीती वाटते. तरी आपल्या काठीचा मान कसा चालतो, ते सविस्तर लिहून पाठवावे.'

साळूबाई पदरानं तोंड झाकून हसली. "माज्या पोटाला तू एकलाच. ह्ये कुनाचं लेकरू वाट चुकलं म्हनायचं?"

काठीचा मान मात्र वाळुंजांचाच होता. चैत्रातल्या भैरोबाच्या यात्रेत देवळाच्या शिखराला पहिली काठी त्यांची टेके. सोळा हात लांब बांबू, त्याला भगवं कापड, टोकाला मोरपिसं. ती घरातल्या थोरल्या मुलानंच उचलायची, आणि उचलताना बापानं कानात सांगितलेले शब्द मनात म्हणायचे. कारभारीनं मरायच्या आदल्या दिवशी सहादेवला जवळ बोलावून ते सांगितले होते.

"कळवून टाकतो, घर चुकलंय म्हनून," सहादेव म्हणाला.

"नगं रं. एवढ्या लांबून इचारतोय. सांगितलं तर आपलं काय झिजतंय?"

साळूबाईला लिहिता येत नव्हतं. सहादेवनंच लिहिलं. घर चुकल्याचं एका ओळीत लिहिलं आणि मग बाकीचं लिहीत बसला. काठीला न्हाऊ कसं घालतात, कापड कोण शिवतं, मिरवणूक कोणत्या गल्लीनं जाते. चार पानं झाली. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. हे सगळं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कानातले शब्द तेवढे त्यानं लिहिले नाहीत.

उत्तर फेब्रुवारीत आलं. घर चुकल्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. 'मुलांना काठीचे चित्र काढून दिले. धाकटी विचारते, घुंगरे किती? मी अकरा सांगितली. बरोबर ना?'

घुंगरांबद्दल आपण काही लिहिल्याचं सहादेवला आठवेना. तो उठून वळचणीला टांगलेल्या काठीजवळ गेला आणि घुंगरं मोजली. अकरा होती.

पत्रासोबत फोटो होता. विटांच्या घरासमोर लांब कोट घातलेला माणूस, दोन्ही बाजूंना दोन मुलं. माणसाच्या डोक्याला फेटा, शेमला डाव्या खांद्यावरून पुढं सोडलेला. गावात तसा फेटा फक्त कारभारी बांधत असे.

साळूबाई फोटो घेऊन उजेडाला बसली. मग म्हणाली, "नाक ह्यांचंच की."

"असली नाकं पैशाला पासरी असत्यात, आई."

ती हसली नाही. तो फोटो तिनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावला.

त्या साली पावसानं दडी मारली. पाट आटला, ऊस वाळला, सहादेवची पाण्याची वही कोरीच राहिली. पत्रं तेवढी महिन्याच्या महिन्याला येत राहिली. कानिफ विचारी, साळूबाई सांगे, सहादेव लिही. पुरणाला कोणती डाळ, बारवेला पायऱ्या किती, आजोबांचा बैल कोणत्या नावाचा. एकदा त्यानं लिहिलं, 'माझ्या गुडघ्यावरची खूण पाहून मुले विचारतात. मी किती वर्षांचा होतो तेव्हा?'

दुसऱ्या दिवशी शेजारची लंकाबाई निवडायला ज्वारी घेऊन आली होती. साळूबाई तिला सांगत होती, "सा वर्साचा हुता माजा कानिफ. बारवंच्या चौथ्या पायरीवरनं पडला. ह्यांनी खांद्यावर घालून राहुरीला नेला."

सहादेव दारात थबकला. "आई, बारवंत मी पडलो हुतो."

त्यानं धोतर वर करून गुडघा दाखवला. पांढरी, बोटभर खूण. साळूबाईनं वाकून पाहिलं. घरी आलेल्या परक्या माणसाची जखम पाहावी, तसं.

"अगं बया! तुलाबी लागलं हुतं का? कवा?"

लंकाबाई खाली मान घालून ज्वारी निवडत राहिली.

लंकाबाई गेल्यावर तो आईजवळ बसला. "खरं सांग. माज्या आदी कुनी झालं हुतं का? जन्मून गेलेलं?"

"गेलं काय म्हनतोस मेल्या! शुभ बोल. तिकडं नांदतोय की चांगला."

"तूच म्हनली हुतीस, माज्या पोटाला तू एकलाच म्हनून."

"मी आसं कशाला म्हनू?" साळूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. ती असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सहादेव गावच्या शाळेत गेला. तो पहिलीत बसला ते त्रेचाळीस साल; हेडमास्तरांनी कपाट उघडून त्या सालचं दाखल्याचं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडून कडेला कुरतडली होती. त्यानं बोट लावून एकेक नाव वाचलं. वाळुंज, कानिफनाथ कारभारी. शाई इतर नावांइतकीच जुनी होती, अक्षर त्याच मास्तरांचं होतं. त्याच्या खालचं नाव दुसऱ्या घरातलं होतं, आणि त्याच्या खालचंही.

सहादेवनं ते पान दोनदा वाचलं. मग मागचं, मग पुढचं.

"तुमचं नाव तुमच्या गावच्या शाळेत असेल," हेडमास्तर सभ्यपणे म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यानं सगळं पुष्पावतीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, "आत्याबाईंचं वय झालंय, पर मास्तरचं काय? तुमी आता एक अक्षर लिहू नका." तिच्या त्या बोलण्यानं त्याला केवढा धीर आला. निदान ही एक आपल्या बाजूची आहे.

जानेवारीत आलेल्या पत्रात कानिफनं शब्द मागितले. 'अण्णांनी कानात सांगितलेले शब्द मी इकडच्या थंडीत विसरलो. मुलाला सांगितल्याखेरीज मान पुढे कसा चालणार? तेवढे कळवावे, मग माझे काही मागणे नाही.'

सहादेवनं पत्राचे चार तुकडे केले. "ह्ये न्हाई मिळायचं," तो म्हणाला. दोन दिवस साळूबाई जेवली नाही.

फाल्गुनात बाबाजान पुन्हा आला. या वेळच्या पत्रात दोनच ओळी होत्या. 'शब्द पोचले. थोरल्याला सांगितले. सर्वांचे उपकार आहेत.'

"कुनी लिहिलं?" सहादेवनं विचारलं.

बाबाजाननं सायकलीच्या हँडलकडं पाहिलं. "म्या लिहिलं. मला सांगितलं, म्या लिहिलं."

"कुनी सांगितलं?"

घरात पुष्पावती चुलीपाशी होती. त्यानं विचारायच्या आतच ती बोलली. "तुमी झोपेत म्हनता ते. मामंजी गेल्यापासनं ऐकतीया. त्या रडत हुत्या, माज्यानं बघवंना." मग हलकेच, जणू त्यालाच समजावत, "आनि ज्याचं त्याला दिलं. त्यात आपलं काय गेलं?"

सहादेव ओसरीवर येऊन बसला. आई म्हातारी होती, मास्तर परके होते. पण हिच्याशेजारी तो अकरा वर्षं निर्धास्त झोपला होता.

चैत्रात यात्रा भरली. दुष्काळ असूनही माणसं आली. उन्हं उतरली तशी हलगी घुमू लागली. सहादेवनं फेटा बांधला, काठीला न्हाऊ घातलं आणि ती खांद्यावर घेऊन देवळापुढं आला. दिवसभर तापलेल्या मातीत पाय पोळत होते. त्यानं बांबूला दोन्ही हात लावले, डोळे मिटले.

शब्द आले नाहीत.

त्यानं पहिलं अक्षर शोधलं. बापाचा चेहरा आठवला, कानाला लागलेले मिशीचे केस आठवले, तोंडाचा औषधाचा वास आठवला. ओठ हललेले दिसले. आवाज नव्हता.

हलगी थांबली. गर्दी वाट पाहत होती.

गावचा पाटील जवळ आला आणि त्यानं सहादेवच्या पाठीवर हात ठेवला. "थांबलास का? उचल की. तू थोरल्याच्या वतीनं धरनार. शब्द त्यानं तिकडं म्हनले असत्याल."

आसपासच्या माणसांनी माना डोलावल्या. कुणी चेष्टा करत नव्हतं.

सहादेवनं काठी उचलली. ती नेहमीएवढीच जड होती. शिखराला टेकली. गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पावतीनं त्याला जेवायला वाढलं ते ओसरीवर. तो म्हणाला, आत वाढ. ती गोंधळली. "बाई जेवत्यात आत," ती म्हणाली.

"कोन बाई?"

"बाई म्हंजे बाई. साळूबाई." तिनं त्याच्याकडं काळजीनं पाहिलं. "ऊन लागलं का तुमाला काल?"

तो जेवला. भाकरी चांगली होती.

पुढं पुढं त्यानं वाद घालणं सोडून दिलं. शेत तेच होतं, कामं तीच होती. पहाटे उठायचं, बैलांना वैरण टाकायची, विहिरीवर जायचं. साळूबाई त्याच्याशी पहिल्याहून गोडीनं बोले. दिवाळीला धोतरजोडी द्यायचं कबूल करी. एकदा त्याला ताप आला तेव्हा तिनं स्वतः काढा करून ओसरीवर आणून दिला, आणि "हात लावू नगं, भांडं तापलंय," म्हणून खाली ठेवला.

ज्येष्ठात पाऊस वेळेवर आला. पाटाला पाणी सुटलं. त्याच आठवड्यात पत्र आलं. मधली पत्रं बाबाजानच वाचून दाखवी, पण त्याला आता बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून साळूबाईनं सहादेवला हाक मारली. "वाचतोस का रं बाबा?"

त्यानं हात धुतले आणि उंबऱ्याच्या बाहेर बसून वाचलं. मुलं मराठी बोलू लागली होती. थोरल्यानं बांबू आणून अंगणात काठी उभी केली होती, शेजारचे गोरे लोक पाहायला आले होते. शेवटी लिहिलं होतं, 'पहिली पत्रे ज्याच्या हातची होती, तो सहादेव अजून आपल्याकडे आहे का? अक्षर चांगले आहे. माणूस विश्वासाचा आहे ना?'

साळूबाई भिंतीवरच्या फोटोकडं पाहून सुखानं हसली.

"लिही," ती म्हणाली. "म्हनावं, हाय अजून. लई चांगला हाय. घरच्यासारखा ऱ्हातो."

सहादेवनं लिहिलं. घरच्यासारखा राहतो.

"आनि काय लिहू?"

"आनि काय न्हाई. तुजाबी नमस्कार लिही. त्याला बरं वाटंल."

त्यानं दौतीत टाक बुडवला आणि खाली, नेहमीच्या नीट अक्षरात, एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर ती वाचली. 'सहादेवचा मालकांस रामराम.'

मालक हा शब्द तिनं सांगितला नव्हता.