पहिल्या दगडाची नोंद

गावाचं नाव सांगत नाही. चारठाण्याच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत, एवढं पुरे. झालं त्यात गावाचा काही दोष नाही.

गावाबाहेर काळ्या दगडाची, पायऱ्यांची जुनी बारव आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिची पूर्वेची भिंत ढासळली आणि मग कुठं सरकारदरबारी तिची आठवण झाली. दुरुस्ती करायची ती जुन्या पद्धतीनं, असं ठरलं. म्हणजे पडलेला एकेक दगड बाहेर काढायचा, त्याच्यावर पांढऱ्या रंगानं आकडा घालायचा, वहीत त्याची नोंद करायची, आणि गूळ नि बेलफळाचा गर घालून मळलेल्या चुन्यात तो होता तिथंच परत बसवायचा. आकडा चुकला की भिंत चुकली. त्या चुन्याचा आंबूस वास सगळ्या शिवारात भरून राहिला होता.

ही नोंद ठेवायला परभणीहून महेश्वरी आली होती. बत्तीस वर्षांची, कामाला वाघ, बोलायला कमी. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. घरी सासू आणि सहा वर्षांची शिवरंजनी, म्हणजे रंजू. महेश्वरी आठवडाभर गावातल्या शाळेच्या खोलीत राहायची आणि फक्त रविवारी घरी जायची. बारवेत रेंज यायची नाही, म्हणून रोज दुपारी एक वाजता ती वर लिंबाखाली जाऊन लेकीला फोन लावायची. “आई, अजून किती दगड राहिले?” हा रंजूचा रोजचा प्रश्न. शनिवारी वही कचेरीत मंजूर झाली की महेश्वरीला परभणीतच बसून करायचं काम मिळणार होतं. रोज रात्री लेकीला कुशीत घेऊन झोपायचं, एवढीच तिची मागणी होती. फार नव्हती.

पण वही एकदा परत आली होती. त्यात नोंदी दोनपासून सुरू होत होत्या. पहिला दगड कुठं आहे, असा शेरा मारून साहेबांनी ती माघारी धाडली होती.

पहिला दगड होता, पाण्यालगत, तळाच्या थरात. त्याला आकडा घालू देत नव्हता तो सिताराम. झरीचा हा पाथरवट सत्तरी ओलांडलेला, आणि बारवेतल्या कामाचा सगळा भार त्याच्यावर. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात, हे महेश्वरीला लहानपणापासून ठाऊक होतं. सितारामचा लाभ मात्र निराळा. खाली उतरलं की तो त्या पहिल्या दगडावर पंजा ठेवून ‘लाभ’ म्हणायचा आणि मग माणसं मोजायचा. स्वतःला दोन, पुढच्याला तीन, असं करत शेवटी महेश्वरीला दहा. माणसं नऊ आणि मोजणी दहापर्यंत. संध्याकाळी वर चढायच्या आधी पुन्हा तेच.

वही परत आल्यावर तिनं त्याला गाठलं. कचेरीत हे कसं सांगायचं, असं विचारलं. सिताराम बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

“खाली एक असतंयच, ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “कोण, ते ठाऊक न्हाई. त्याला मोजात धरायचं, पण आकडा द्यायचा न्हाई. पहिली जागा त्याची. ती दुसऱ्याला दिली, तर त्यानं कुठं जायाचं?”

म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये, असं महेश्वरीचं वळण होतं. पण तिनं कचेरीच्या कपाटातून बारवेची जुनी मिसल, म्हणजे कागदांचं बाड, शोधून काढली. नव्वद वर्षांपूर्वी, निजामाच्या अमलात, हीच भिंत एकदा दुरुस्त झाली होती. नोंदी उर्दूत. त्या वाचून घ्यायला ती वालूरच्या कल्याणरावांकडे गेली. नव्वदीचे हे गृहस्थ बालपणी उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी मिसल आपल्याला मागची वाटते त्या बाजूनं उघडली आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचू लागले. पहिल्याच ओळीत ‘एक’ लिहून त्यावर काट मारलेली होती. पुढं सगळ्या नोंदी दोनपासून.

“नोंद करणाराचं नाव शेवटपर्यंत एकच हाय,” कल्याणराव म्हणाले. “पण अक्षर बघा. पहिल्या ओळीतलं अक्षर परत कुठंच न्हाई. नाव तेच, हात दुसरा.”

कारकुनानं नक्कल केली असेल, असं महेश्वरी म्हणाली. कल्याणरावांनी चष्मा काढून ठेवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

शुक्रवार उजाडला. वैशाखातली दुपार, वर पाखरूसुद्धा फिरकत नव्हतं. माणसं लिंबाखाली भाकरी खायला गेली. महेश्वरीची पिशवी आणि फोन तिथंच होता. ती मात्र रंगाचा डबा, कुंचला आणि वही घेऊन एकटीच खाली उतरली. सत्तावीस पायऱ्या. उतरेल तसा उन्हाचा ताप मागं राहत गेला, आणि गाळाचा, शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा वास अंगाला येऊन भिडला. पाणी हिरवं, अगदी निपचित. खालून वर पाहिलं की आभाळाचा एक चौकोन दिसायचा, इतका पांढरा की डोळे मिटावेसे वाटत.

पाच मिनिटांचं काम होतं. तिनं दगड फडक्यानं पुसला, त्यावर ‘१’ घातला. वही मांडीवर घेऊन लांबी, रुंदी, जाडी लिहिली. शेवटच्या रकान्यात, प्रत्येक दगडापुढं लिहायची तशी, नोंद करणाराचं नाव लिहिलं. क्रमांक एक, महेश्वरी. खाली सही. चुकलं काय तिचं? नियमाप्रमाणेच वागली बिचारी.

रंग वाळेपर्यंत ती आकडा टाळून दगडावर टेकली. गार वाटत होतं. डोळ्यांवर झापड आली. एसटीत शेजारी बसलेलं माणूस आपल्या थांब्यावर उठावं, तसं तिच्या बाजूनं कुणीतरी उठलं. ओल्या पावलांचा आवाज सावकाश पायऱ्या चढत गेला... एक, मग दुसरी, मग तिसरी. तिला वाटलं, मानेला झटका देऊन जागं व्हावं. पण ती झोप इतकी गोड होती की माणसाला उठावंसंच वाटू नये.

जाग आली तेव्हा मांडीवर वही नव्हती. एक वाजून गेला असणार, रंजू वाट पाहत असेल, म्हणून ती घाईनं वर निघाली. पायऱ्या मोजत चढली. सत्तावीस झाल्या, आणि अंगठ्याला पाणी लागलं. ती पुन्हा पहिल्या दगडाशी उभी होती. पुन्हा चढली. पुन्हा पाणी. मग किती वेळा चढली, याचा हिशेब राहिला नाही. तिला भीती वाटत नव्हती, आणि भीती का वाटत नाही, याचंच तिला आत कुठंतरी रडू येत होतं. शेवटी दमून ती दगडावर बसली.

जेवून माणसं खाली आली. सिताराम पुढं. नेहमीसारखा वाकला आणि पंजा टेकवला. पंजा तिच्या गुडघ्यावर पडला. त्या हाताची ऊब तिला लागली. त्याला मात्र दगडच लागला असावा.

“लाभ,” सिताराम म्हणाला.

“बाबा, मी हाय... मी इथं हाय,” ती म्हणाली. कोनाड्यातले पारवे घुमल्यासारखा आवाज झाला. कुणी वळून पाहिलं नाही.

सितारामनं स्वतःला दोन म्हटलं. तीन, चार. ती ओठांत त्याच्याबरोबर मोजत राहिली. ती त्यांच्यात नाही, म्हणजे आज मोजणी नवावर थांबणार, मग म्हाताऱ्याला कळणार, मग तो काहीतरी करणार. सात. आठ. नऊ.

“दहा,” सिताराम म्हणाला.

शेवटच्या माणसामागं, पायरीवर, तिचीच केशरी ओढणी घेतलेली महेश्वरी उभी होती. हातात वही. तिनं ती वही मागच्या बाजूनं उघडली आणि पेन उजव्या कडेला टेकवून लिहायला सुरुवात केली.

सिताराम त्या हाताकडं बघत राहिला. मग त्याची नजर खाली, दगडावरच्या पांढऱ्या आकड्यावर आली. त्याचा चेहरा उतरला. बोलून तरी काय करणार? मोजणी तर बरोबर आली होती.

दिवस कलला. सिताराम वर चढायच्या आधी दगडाशी थांबला, पंजा ठेवला, आणि तो बराच वेळ उचललाच नाही. मग सगळी वर गेली. चौकोनातलं आभाळ तांबूस झालं. बारवेची एक खोड आहे, वरचं बारीकसं बोलणंही तळाला स्वच्छ ऐकू येतं. लिंबाखाली फोन वाजला. कुणीतरी उचलला.

“हां, रंजू,” महेश्वरीचा आवाज म्हणाला. “दुपारी राहून गेलं बघ. झाले की गं, सगळे दगड झाले. उद्या येते, ते कायमचीच.”

खाली, गुडघाभर पाण्यात उभी राहून, महेश्वरी जीव खाऊन लेकीला हाका मारत होती. इतका वेळ न आलेली भीती आता एकदमच आली होती. वर पारवे फडफडले. फोनमधून रंजूच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो मध्येच थांबला.

“आई, तिथं कोण रडायलंय?”

“कुणी नाही गं. पारवे घुमतायत.”

“मग त्यांना माझं नाव कसं ठाऊक?”