बाहेरून माझा आवाज आला तरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं, तिला घरात बिट्टी म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव. तिशी उलटली तरी तेच चालू आहे.

बाबा सफारी पार्कात बस चालवायचे. मोकळे सिंह, आणि त्यांच्यामधून जाणारी जाळीच्या खिडक्यांची बस. सिंहांच्या भागाचं फाटक मागे लागलं, की ते वळून प्रवाशांना दटावायचे, "आतून कोणी दार उघडायचं नाही. बाहेरून माझा आवाज आला तरी नाही!"

लोक हसायचे. ते तर समोर स्टिअरिंगवर बसलेले असायचे ना.

बाबा गेले ते झोपेतच. कोणाला हाक न मारता.

आईने ते पार्क कधीच पाहिलं नव्हतं. दर वेळी "पुढच्या रविवारी नेतो" म्हणत आयुष्य गेलं. म्हणून मायलेकी बाबांच्या पार्कातल्या कपाटातलं सामान आणायला गेल्या, त्या संध्याकाळी नवे ड्रायव्हरकाका म्हणाले, "वहिनी, गर्दी पांगलीय. चला, एक चक्कर मारून आणतो."

"सिंह झोपले असतील आता."

"तुम्ही आलात म्हटल्यावर उठतील की! नाहीतर दादा मला वरून शिव्या घालतील."

आई हसली. कितीतरी दिवसांनी.

फाटक मागे बंद झालं. उजेड उतरत होता. वळणावर अख्खा कळप रस्त्यातच पसरला होता. काकांनी इंजिन बंद केलं. अशा वेळी हॉर्न वाजवायचा नसतो. ते आपल्या मर्जीने उठेपर्यंत थांबायचं.

झाडांवर पाखरं कलकलत होती...

एकदम थांबली.

सिंहांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकाच वेळी. ते बसच्या दाराकडे बघत होते... मग उठले, आणि पोटं जमिनीला घासत झाडीत मागे सरले.

"असं कधी करत नाहीत..." काका पुटपुटले.

थाप.

दाराच्या पत्र्यावर. उघड्या तळहाताची.

जरा थांबून... थाप-थाप.

बिट्टीने ती थाप ओळखली. घरी बेल असूनही बाबा दार असंच वाजवायचे. बसच्या पत्र्याची सवय.

खिडकीतून दाराची पायरी दिसत होती.

तिथे कोणी नव्हतं.

"अगं... मी आहे. उघड."

आवाज बाबांचाच. कामावरून दमून आल्यावरचा, थोडा बसलेला.

आई झपकन उठली. तिने कडीला हात घातला, तेव्हा बिट्टीने मागून तिला घट्ट धरलं.

"सोड मला! ते बाहेर आहेत, बिट्टी. बाहेर सिंह आहेत!"

"आई, बाबाच सांगायचे ना, आतून उघडायचं नाही..."

"ते लोकांना सांगायचे! मी काय लोक आहे?"

कडी अर्धी सरकली. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली...

"बिट्टी," बाहेरून आवाज आला, "तू तरी उघड."

त्या आवाजात भीती होती. बाबांना घाबरलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

तिने आईला सोडलं नाही.

बस सुटली. थापा पत्र्यावरून पळत मागे गेल्या... मागच्या खिडकीपर्यंत... आणि थांबल्या.

बस फाटकाबाहेर पडली. काकांनी ती पुन्हा चालवली नाही. विचारलं तर विषय बदलतात.

कोणी म्हणेल मनाचे खेळ. दुःखात होतं असं. पण काकांनाही ऐकू आलं होतं, त्याचं काय?

आणि परवाचं काय?

परवा दिवेलागणीला दोघी स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज तेवढा.

दारावर थाप पडली.

जरा थांबून... थाप-थाप.

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. उठली नाही. बिट्टीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"तो नियम बसचा होता ना गं? घराचा नव्हता."

बिट्टीने जाऊन दाराची कडी पुन्हा तपासली.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की ती दाराला पाठ लावून बसते. आईने उघडू नये म्हणून, असं सांगते.

आईचं नाव पुढे करते, एवढंच. कडीकडे हात तिचाच जातो.