बेवारशी मीठ

आमच्या जावयांनी आज ताटातलं मीठ बोटानं बाहेर सारलं. माझ्या घरात, माझ्या देखत! ताटात पहिलं वाढतात ते मीठ. ते ज्याला नको, त्यानं पुढचं काही मागू नये. पण सुकुमार पडले शास्त्रज्ञ, आमच्या रानाचा निचरा तेच बघतात. लेक पद्मल म्हणाली, "आई, रक्तदाब असेल गं." रक्तदाब म्हणे! तरण्याताठ्या माणसाला!

आम्ही मूळचे कृष्णाकाठचे. उसाला पाणी पाजून पाजून रानं चोपण केली, मिठानं पांढरी पाडली. ती खोड मोडून या वाळवंटात, रेतवा नदीच्या काठी आलो आणि डाळिंबं पिकवून दाखवली. इथं ऊन पाणी पिऊन टाकतं आणि मीठ मागं ठेवतं. ते खारं पाणी मुळांखालून नळ्यांनी काढलं नाही तर झाड मरतं, आणि काढून नदीत सोडलं तर खालच्या गावाला तेच प्यावं लागतं. म्हणून कायदा असा, की ज्यानं त्यानं आपलं मीठ आपल्या मीठखळ्यात वाळवायचं.

त्यावर पहारा खूणमिठाचा. निचऱ्याच्या तोंडाशी एक डबी असते. ती खाऱ्या पाण्यात दुर्मिळ धातूंचे कण सोडते. अपाय काही नाही. घरोघरची चटणी जशी वेगळी, तसं दर रानाचं मिश्रण वेगळं. मीठ कुठंही जावो, खूण सुटत नाही. खालच्या पोराचा पडलेला दुधाचा दात तपासला तरी कळतं, यानं कुणाच्या रानाचं मीठ खाल्लं. ज्याची खूण खाली सापडली, त्याची पाण्याची पाळी बंद. आमची आजवर सापडली नाही. मी ते मिरवते, आणि का मिरवू नये?

हात धुऊन आल्यावर जावयांना गाठलं.

"मीठ का सारलंत?"

"घशाखाली उतरत नाही, अक्का. आपलं मीठखळं गेल्या हंगामातच भरलं."

"मग आता मीठ जातंय कुठं?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "खूण पुसणारं औषध सापडलं मला. पुसतो आणि नदीत सोडतो."

"कशापायी?"

"नव्या खळ्याला तुमचं डाळिंबाचं रान द्यावं लागलं असतं. खोलगट तेवढंच आहे. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

"आणि खालची माणसं?"

"विहिरी मचूळ झाल्यात. पोरांना रक्तदाब जडलाय, अक्का. दात तपासले त्यांनी. मीठ भरपूर, खूण कुणाचीच नाही. शेवटी मलाच विचारायला आले, जाणता म्हणून."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, जमिनीतूनच येत असेल."

रक्तदाब होता तर. फक्त आमच्या घरात नव्हता.

मी पद्मलला हाक मारली. म्हटलं, "निचऱ्याचं तोंड आत्ता बंद कर, आणि ट्रॅक्टर डाळिंबात घाल. आज खळं खणायचं." झाडं फळांनी वाकलेली. ती रडायला लागली, पण गेली.

"खूण परत बसवता येते का?" मी जावयांना विचारलं.

"पुढच्या मिठाला येईल. पोरांच्या हाडांत गेलं, त्याला नाही."

म्हणजे त्या दातांत आमचं नाव कुणाला कधीच वाचता येणार नाही. मी पायात वहाणा घातल्या.

"सुकुमार, खाल्ल्या मिठाला न जागणारे मी पुष्कळ पाहिले. लोकांच्या लेकरांना मीठ चारून नामानिराळे राहणारे तुम्ही पहिलेच. चला खालच्या गावाला. पाळी जाईल ती जाऊ दे. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. नाव मी सांगते."