पाक गार होईपर्यंत

आईच्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून आकडीने साऊ पाडत होते. खाली फूटपाथवर आई चादर पसरून उभी होती. हनोईतल्या आमच्या रस्त्याला दोन्हीकडे साऊचीच झाडं. उन्हाळ्यात हिरव्या, आंबट, सुपारीएवढ्या फळांनी लगडलेली.

एक फळ चादर चुकवून थेट एका हेल्मेटवर पडलं — टक्!

स्कूटर थांबली. मागे हिरव्यागार सरबताच्या बाटल्यांची खोकी बांधलेली.

"नेम चांगला आहे तुमचा," स्कूटरवरचा तरुण वर बघत म्हणाला.

"चुकला. मी चादरीवर धरला होता."

"मग अजून एकदा चुकवा की..."

आईने त्याची एक बाटली उचलून उन्हात धरली. "हा रंग कुठल्या झाडाला लागतो रे, बाळा?"

"झाडाला नाही काकू, पत्र्याच्या डब्यातून येतो." तो ओशाळून हसला. "मी किएन. विकतो फक्त. पीत नाही."

"शहाणा आहेस. आमची साऊ मुरली की ये. पहिला पेला तुझा."

तो जाताना वळून बघत होता — माझ्याकडे नव्हे, झाडाकडे. निदान तसं दाखवत होता.

संध्याकाळी आईने साऊ सोलली. साल इतकी पातळ निघायची की तिच्यातून सुरी दिसावी. तिच्या हातांकडे मी लहानपणापासून अशीच बघत बसायचे. साखर, आलं, चिमूटभर मीठ. चौथी वस्तू तिने बरणीत कधी जाऊ दिली नाही.

"पाक पुरता गार झाल्याशिवाय ओतायचा नाही, थोआ. गरम ओतलास तर फळाचा लगदा होतो." मग बरणीकडेच बघत, "तुझे बाबा पहिल्यांदा घरी आले, तेव्हा पाक गार होईपर्यंत बसून होते. काही काम नसताना. तेव्हाच मी ओळखलं."

"आई, उगाच काहीतरी..."

"आवडला का?"

"कोण?"

"हेल्मेटवाला."

"पुरे झालं हं!" मी म्हणाले. ती गालात हसली. पाक गार झाल्यावर तिने तो बरणीत ओतला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

महिन्याभराने किएन दारात उभा राहिला. "काकू, आलो बरं का पेला प्या—" त्याची नजर पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या नव्या फोटोवर गेली. त्याने हेल्मेट काढलं. उदबत्ती लावली आणि मान खाली घालून उभा राहिला.

मग त्याचं लक्ष बरणीकडे गेलं. "फेस आलाय..."

मला माहीत होतं. रोज बघत होते. पण ते झाकण आईच्या हाताने लावलेलं होतं. उघडवत नव्हतं, आणि न उघडता तिची शेवटची बरणी डोळ्यांदेखत नासत होती.

"गोदामात एक पावडर असते," तो म्हणाला. "चिमूटभर टाकली की—" आणि स्वतःच थांबला. "नको. काकूंनी बाटली डोक्यात घातली असती माझ्या."

मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा. त्या हसण्याच्या भरातच मी झाकण फिरवलं.

आल्याचा वास आला. फळं अजून कडक होती. मी पाक गाळून चुलीवर ठेवला, तो वरचा फेस काढत राहिला. पाक उकळला, खाली उतरवला.

"पंखा लावू?"

"नको. आपोआप गार व्हायला हवा. वेळ लागेल... तुमची खोकी उन्हात आहेत."

"असू देत."

"खराब होतील."

"ती?" तो हसला. "ती कधीच खराब होत नाहीत. तेच तर वाईट आहे त्यांचं."

तो खाली फरशीवर बसला. ऊन दारातून सरकत भिंतीवर गेलं. त्याने घड्याळ पाहिलं नाही, फोन काढला नाही. मधूनच पातेल्याला बोटाची मागची बाजू लावायचा — अगदी आई लावायची तशी — आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. अजून नाही... अजून नाही...

शेवटी मी गार पाक फळांवर ओतला. पेल्यात दोन चमचे, पाणी, बर्फ. पेला त्याच्यापुढे केला.

"पहिला त्यांचा," तो म्हणाला.

मी पेला फोटोपुढे ठेवला. माझ्या पाठीमागे त्याने एक साऊ तोंडात टाकली होती. कुर्रकन आवाज आला. लगदा झाला नव्हता.

मी हात जोडले आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हो आई... आवडला."