अडुसष्ट नंबरचा बिल्ला

"पर्स पाहिलीत, पिशवी पाहिलीत. आता काय, जोडे काढून दाखवू?"

खिडकीवाल्या आजी असं म्हणाल्या आणि लॉजच्या जेवणघरातले सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

'खिडकीवाल्या आजी' हे नाव सहल काढणाऱ्या मास्तरांनीच पाडलेलं. सहलीचे तीन दिवस ठरले होते. पहिल्या दिवशी तळं, दुसऱ्या दिवशी डोंगर आणि तिसऱ्या दिवशी खाणीचं जुनं गाव. तिन्ही दिवस आजींनी बसमधली खिडकी सोडली नाही की कुणाशी चार शब्द बोलल्या नाहीत. तळ्यावर त्या नावेत बसल्या नाहीत. डोंगरमाथ्यावर सगळे फोटो काढत असताना त्या एकट्याच पलीकडच्या दरीत, खाणीच्या पडक्या धुराड्याकडे टक लावून उभ्या होत्या.

आता त्यांच्यासमोर खाण-संग्रहालयाचा राखणदार उभा होता. हडकुळा माणूस, नखांत पॉलिशची काळी पूड.

"मी चोर म्हणत नाही," तो म्हणाला. "पण अकरा वाजता तुमची बसमंडळी संग्रहालयातून बाहेर पडली आणि अडुसष्ट नंबरच्या बिल्ल्याचा खिळा रिकामा. त्या खिळ्याला हात लावताना मी ह्यांना पाहिलं."

"चार वाजता बस सुटते," मास्तर थोरल्या बहिणीच्या कानाशी पुटपुटले. वेळापत्रक त्यांनी स्वतः आखलं होतं. पण बहिणीलाही ते ओळखून होते. अक्कानं तीस वर्षं खाजगी तपासाची कचेरी चालवली होती. कचेरी गेल्या वर्षी बंद झाली, खोड मात्र गेली नव्हती.

"बसचं बघू," अक्का म्हणाली आणि राखणदाराकडे वळली. "एका बिल्ल्यासाठी एवढा गहजब कशाला?"

"तो साधा बिल्ला नाही, ताई. या गावाचा कलंक आहे तो."

राखणदार दोघा बहीणभावांना चढावरच्या संग्रहालयात घेऊन गेला. संग्रहालय म्हणजे खाणीची जुनी हजेरीखोली. भिंतीवर भलामोठा लाकडी फळा, त्यावर शंभर खिळे आणि खिळ्यांवर पितळेचे गोल बिल्ले. प्रत्येक बिल्ल्याच्या मधोमध भोक आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंग्रजी आकडा ठोकलेला. शेजारी नियमांची पाटी होती: 'खाणीतून बाहेर येताच, दारातच, बिल्ला पेटीत टाकावा.'

"उतरताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात घालायचा," राखणदार सांगू लागला. "बाहेर आलं की पेटीत टाकायचा. मग कारकून पेटी उपडी करून ज्याचा बिल्ला त्याच्या खिळ्यावर लावायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून आत."

साठ वर्षांपूर्वी सगळ्यात खालच्या थरात पाणी घुसलं. तिथं तिघंच होते, दोन मजूर आणि पंपवाला. वरच्या थरातला मुकादम, नंबर एकोणनव्वद, खाली धावला. दोघा मजुरांना हाताला धरून त्यानं थेट दाराबाहेर आणलं आणि तिसऱ्यासाठी, पंपवाल्यासाठी, तो पुन्हा आत गेला. थोड्या वेळानं छत बसलं आणि वरच्या थरांतली माणसंही आत अडकली. पाणी इतकं भरलं की खाण कायमची बंद करावी लागली. एकही प्रेत हाती लागलं नाही.

"खिळे मोजले तेव्हा चौदा रिकामे," राखणदार म्हणाला. "मुकादमाचा त्यात होताच. पण पंपवाल्याचा अडुसष्ट नंबर? तो आपला खिळ्यावर! म्हणजे पठ्ठ्या पंप सोडून आधीच पळाला होता. पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याला शोधायला गेलेला देवमाणूस मात्र फुकट मेला."

बाहेर चौदा नावांचा दगड होता. सगळ्यात वर मुकादमाचं नाव.

मास्तरांनी वही काढली. कामाला लागलं की त्यांना बरं वाटे. "अक्का, गंमत बघ. काही बिल्ल्यांवर आकड्याखाली रेघ आहे, काहींवर नाही."

"उतरवून घे."

मास्तरांनी आपल्या वळणदार मराठी आकड्यांत लिहिलं. रेघवाले: ६६, ८६, ९१, ९८. बिनरेघेचे: ४२, ७३, ५५, ३७.

"नक्षी असेल," ते म्हणाले.

"खाणीच्या बिल्ल्यावर नक्षी?" अक्का राखणदाराकडे वळली. "हरवलेल्या बिल्ल्यावर रेघ होती?"

"होती. पण ती मला काल संध्याकाळी दिसली. त्या बिल्ल्याला कुणी हात लावायचं नाही, त्यामुळे साठ वर्षांची काजळी बसलेली. काल म्हटलं, एकदा सगळेच घासू. घासला तर आकड्यांच्या डोक्यावर रेघ. पुसला, जसा होता तसा परत लावला आणि कुलूप घालून घरी गेलो."

"डोक्यावर? खाली नाही?"

"डोक्यावर."

"हे कुणाला बोललात?"

"कुणाला बोलणार? घरी मी आणि मांजर."

"सकाळी उघडलंत तेव्हा बिल्ला होता?"

राखणदारानं मान खाजवली. "पाहिलं नाही. असणारच असं धरून चाललो."

"किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. दुसरी लॉजच्या गल्ल्यामागे. अवेळी पाहुणे आले तर लागते म्हणून."

आजी लॉजच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. अक्का शेजारी टेकली आणि नुसतीच बसून राहिली. मास्तरांना वाटलं, आता हिनं विचारावं. शेवटी आजीच बोलल्या.

"पंपवाला माझा बाप."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"दहा वर्षांची होते मी. आमच्या दारावर डांबरानं 'पळपुटा' लिहिलं होतं. आई आम्हाला घेऊन निघाली ती नाव बदलूनच. मरेपर्यंत म्हणायची, तो पळणारा नव्हता. मी मात्र मनात म्हणायची, मग बिल्ला कसा बाहेर आला? आज म्हटलं, मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघावा तरी. गेले, तर खिळा रिकामा. रिकाम्या खिळ्यालाच बोट लावलं मी."

"मघाशी सांगितलं नाहीत?"

"कुणाची मुलगी म्हणून सांगू?"

परतताना मास्तर हळूच म्हणाले, "अक्का, मला वाईट वाटतंय. पण बिल्ला लपवायचं कारण ह्यांच्याइतकं कुणालाच नाही."

"बापाचा कलंक तर साऱ्या गावाला पाठ आहे, मास्तर. बिल्ला लपवून त्यातला कोणता शब्द पुसला जाणार?"

लॉजवाले गल्ल्यावर बसले होते. पासष्टीचे, गोरटेले, मऊ आवाजाचे. मुकादमाचे ते एकुलते एक चिरंजीव. मागच्या भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्या आणि कडेला 'संग्रहालय' लिहिलेली एक किल्ली.

"अहो, चौकशी कसली मांडलीय?" ते म्हणाले. "वयस्कर बाई आहेत, जाऊ द्या सुखानं. मी राखणदारालाही तेच म्हटलं. तो एक रेघवाला बिल्ला गेला, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुम्ही तो शेवटचा कधी पाहिलात?"

"झाला की महिना. गुडघे बोलतात हल्ली, तो चढ चढवत नाही."

बाहेर आल्यावर मास्तर भारावून गेले होते. "ज्याच्यापायी बाप गेला, त्याच्या बिल्ल्यावरून आळ आलेल्या बाईंबद्दल इतकी माया! केवढं मन!"

"मन मोठंच आहे," अक्का म्हणाली. "पण आज त्यावर ओझंही तेवढंच मोठं आहे. चल, सगळ्यांना हजेरीखोलीत बोलाव."

साडेतीनला सगळे फळ्यासमोर जमले. लॉजवाले चढ चढून आले. त्यांना विशेष धाप लागलेली मास्तरांना दिसली नाही.

"मास्तर," अक्का म्हणाली, "बिल्ल्यांवर आकडे इंग्रजी आहेत. अडुसष्ट इंग्रजीत लिही. मोठ्ठा."

मास्तरांनी लिहिला.

"आता वही उलटी धर."

मास्तरांनी वही फिरवली. "एकोण... अक्का, हे एकोणनव्वद झालं!"

"तुझ्या यादीतले रेघवाले आकडे सगळे असेच. उलटे केले की दुसराच नंबर होतो. बेचाळीसचं, त्र्याहत्तरचं तसं होत नाही, म्हणून त्यांना रेघ नाही. भोक मधोमध असल्यानं बिल्ला खिळ्यावर कसाही बसतो. रेघ खालच्या बाजूला येईल असा धरायचा, एवढाच तिचा अर्थ. आणि हरवलेल्या बिल्ल्यावर रेघ होती डोक्यावर. म्हणजे साठ वर्षं तो उलटा लटकत होता. तो अडुसष्ट नव्हताच. तो होता एकोणनव्वद, मुकादमाचा."

अक्कानं फळ्यावरच्या एकोणनव्वदच्या रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी काजळीनं माखलेली पेटी, बाहेर रडारड. कारकुनानं घाईत बिल्ला उलटा वाचला आणि चुकीच्या खिळ्याला अडकवला. अडुसष्टचा खरा बिल्ला पंपवाल्याच्या खिशातच राहिला. आत."

राखणदारानं स्टूल पुढे सरकवलं आणि आजी त्यावर बसल्या.

"आता चोरी," अक्का लॉजवाल्यांकडे वळली. तिचा आवाज उतरला होता. "ती रेघ काल संध्याकाळपर्यंत काजळीखाली होती. राखणदारानं कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तर महिनाभर इथं फिरकला नाहीत. मग 'रेघवाला बिल्ला' म्हणालात कसं?"

लॉजवाल्यांनी सदऱ्याच्या खिशातून बिल्ला काढला आणि तळहातावर ठेवला.

"रोज पहाटे येतो मी," ते म्हणाले. "बाबांच्या रिकाम्या खिळ्यापाशी दोन मिनिटं उभा राहतो. आज पाहिलं तर ही रेघ. रेघ खाली धरायची, हे आईनं लहानपणी शिकवलं होतं. फिरवून पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली. बाबांचा बिल्ला बाहेर आला, म्हणजे बाबा बाहेर आले. मग पळाले ते माझेच बाबा! तळ्यात फेकायला गेलो होतो. हात उठला नाही. आणि ह्या बाईंवर आळ आला तेव्हा तोंड उघडलं नाही, ते पाप वेगळंच."

"पाटी वाचा," अक्का म्हणाली.

"काय?"

"बाहेर येताच, दारातच, बिल्ला पेटीत टाकावा. तुमचे वडील त्या दोघांना घेऊन दाराबाहेर आले होते, हे त्या दोघांनीच सांगितलं. म्हणजे त्यांचा बिल्ला पेटीत पडायलाच हवा होता. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप गेला असेल. मग ते वळले आणि बिल्ल्याशिवाय आत गेले. तुमच्या वडिलांची गोष्ट खोटी ठरत नाही. उलट बिल्ला तिची साक्ष देतो. साठ वर्षं ती साक्ष भलत्या खिळ्यावर टांगली होती, एवढंच. त्या दिवशी कुणीही पळालं नाही."

लॉजवाल्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग ते आजींपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, कोणत्या तोंडानं माफी मागू?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना भलतंच काही विचारायचं होतं. "तुमचे वडील माझ्या बाबांना शोधायला गेले. सापडले असतील का हो ते त्यांना?"

मास्तरांनी अक्काकडे पाहिलं.

उत्तर लॉजवाल्यांनी दिलं, सावकाश, जणू स्वतःलाच समजावत. "ज्यांनी दोघांना आणलं, त्यांना वाट माहीत होती. कुणी सापडलं नसतं, तर ते एकटे लवकर परतले असते. सापडले असणार, ताई. दोघं मिळून येत असणार."

आजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

खाली बसनं हॉर्न दिला. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर जागचे हलले नाहीत.

राखणदारानं खाकरून घसा मोकळा केला. "दगडावर पंधरावं नाव कोरावं लागेल. जुन्या कागदांत नुसता नंबर आहे. वडिलांचं नाव काय, आजी?"

आजींनी सांगितलं. इतकं हळू, की कुणालाच ऐकू गेलं नाही.

"जरा मोठ्यानं," राखणदार म्हणाला.

आजी स्टुलावरून उठल्या. ताठ उभ्या राहिल्या आणि पुन्हा एकदा, खणखणीत आवाजात, त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं.