आवाज नको हं

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी कारखान्यात लेथवर होतो. मशीनच्या घरघरीत फोन ऐकूच आला नाही. शेवटी साहेब स्वतः आले, त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाजी आणायला गेलेली बायको रस्त्यात चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही.

महिनाभरानं अंध शाळेतल्या बाईंचा फोन आला. बायको त्या मुलांसाठी घरी बसून पुस्तकं वाचायची आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची. एका गोष्टीचं शेवटचं प्रकरण यायचं राहिलं होतं.

"मुलं रोज विचारतात हो, पुढं काय झालं म्हणून," बाई म्हणाल्या. "जेवढं झालं असेल तेवढं द्या."

मी लॅपटॉप चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरू लागलं. ते फिरतच राहिलं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं तो खोलला. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली, बॅटरी काढून पुन्हा लावली. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. भरलेली दिसत होती, पण उघडली तर आत काहीच नाही. मागं त्याचा टीव्ही चालू होता, रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

"काका, याला काही झालेलं नाही. नुसता रुसलाय. सगळं पुसून नवं टाकू?"

"पुसायचं नाही."

"मग घरी न्या आणि काढा समजूत."

दुपारी घरी त्या वर्तुळाकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज उचकी दिल्यासारखा हलून गप्प झाला. पडद्यातून येणारा पिवळट उजेड तेवढा खोलीत राहिला. त्या शांततेत ठिपके नाहीसे झाले आणि लॅपटॉप सुरू झाला. वीज आली, फ्रिज गुरगुरला, तसे स्क्रीनवर पुन्हा ठिपके.

वाचायला बसण्याआधी ती हेच करायची. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या, भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढलेला. आणि मला दम, "आवाज नको हं."

मी सगळं तसंच केलं. लॅपटॉप उघडला. रेकॉर्डिंग आधीच चालू होतं, लाल रेघ थरथरत होती. मी हेडफोन लावले.

ती शेवटचं प्रकरण वाचत होती.

आधी वाटलं, जुनं असेल. पाण्यात पाय सोडून बसावं तसा ऐकत राहिलो. मग मला खोकला आला. रेघ उसळली. ती थांबली.

"आवाज नको हं," म्हणाली, आणि तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचू लागली.

संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितलं की लॅपटॉप सुरू होतो.

"आईचा आवाज आहे त्यात? बाबा, आत्ताच्या आत्ता पाठवा."

"रेकॉर्डिंग चालू आहे. संपल्याशिवाय सेव्ह होत नाही."

"मग बंद करा ना."

"तिचं वाचून व्हायचंय अजून."

मुलगी म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

त्यानंतर रोज दुपारी मी घर गप्प करून बसू लागलो. ती थोडी थोडी पुढं जात राहिली. काल शेवटचं पान आलं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, ओळींवर बोट. शेवटची ओळ आली आणि मी खुर्ची सरकवली.

तिनं पान पुन्हा सुरू केलं.

शेवटच्या ओळीला मी पुन्हा खुर्ची सरकवली.

या वेळी ती लगेच वाचू लागली नाही. हेडफोनमध्ये नुसता श्वास.

"अहो," ती म्हणाली. "मुद्दाम करताय ना?"

मी उठलो आणि फ्रिज चालू केला.

बाईंचे दोन फोन येऊन गेलेत. मुलं थांबली आहेत. शेवटचं पान अजून वाचून झालेलं नाही.